काखेतली आग, बधिर दंड आणि 'कोणतं मशीन लावू?'

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आई एक्कावन्न वर्षांच्या. केमो आधीच झाली होती, मग साडेचार महिन्यांपूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं आणि काखेतल्या गाठीही (लिम्फ नोड) काढल्या. रेडिएशन संपून दोन महिने होत आले. जखम छान भरली आहे, रिपोर्ट चांगले आहेत, पण दंडाची आतली बाजू आणि काख जळत राहते. ब्लाउजची बाही घासली तरी कळ येते, मधूनच करंट बसल्यासारखं होतं, आणि तिथंच बोट लावलं तर काही कळतही नाही. हात खांद्याच्या वर जात नाही. जवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दहा दिवस मशीन लावून झालं, फरक नाही. मावशी म्हणतात, तिळाचं तेल गरम करून जोरात चोळा. डॉक्टर म्हणतात, होईल हळूहळू. आणि तुम्ही विचारताय, नसेच्या दुखण्यावर सगळ्यात चांगलं मशीन कोणतं.

मी गेली बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली बरीचशी कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या बायकांबरोबर गेली. मशीनचं उत्तर देते, पण थोडं पुढे. आईंना नेमकं काय दुखतंय ते आधी सुटं करून बघावं लागेल, कारण अशा वेळी एका काखेत तीन-चार वेगवेगळी दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात आणि घरातले सगळे त्यांना मिळून 'नस' म्हणतात.

पहिली खरीच नस. फासळ्यांच्या मधून एक बारीक नस बाहेर पडते, काख ओलांडते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला जाऊन मिळते. काखेतल्या गाठी ज्या चरबीत असतात त्याच चरबीतून तिची वाट आहे. गाठी काढताना सर्जन तिला वाचवायचा प्रयत्न करतात, पण कधी ती ताणली जाते, कधी कापावीच लागते. ही नस फक्त स्पर्शाची आहे, स्नायू हलवणारी नाही. म्हणून आईंच्या हाताची ताकद शाबूत असते, मूठ घट्ट वळते आणि तरीही दंड 'आपला नसल्यासारखा' वाटतो. बधिर जागा आणि जळणारी जागा एकच कशी, हे बऱ्याच जणींना कोडं वाटतं. बाहेरून येणारा निरोप तुटलाय म्हणून बधिर, आणि दुखावलेली नस स्वतःच खोटे निरोप पाठवतेय म्हणून जळजळ. दोन्ही एकाच वेळी खरं.

दुसरी गोष्ट म्हणजे काखेतला दोर. आईंना हात बाजूला जमेल तेवढा पसरायला सांगा आणि उजेडात काखेत बघा. कातडीखाली सतारीच्या तारेसारखी ताणलेली एखादी रेघ दिसते का, कोपराकडे जाणारी? ती नस नव्हे. गाठी काढल्यावर तिथल्या लसवाहिन्या, म्हणजे त्या गाठींना जोडणाऱ्या बारीक नळ्या, आखडून असे दोर तयार होतात, असं मानलं जातं. बहुतेक वेळा ते पहिल्या काही आठवड्यांत दिसतात, आणि हलक्या ताणाने, हात चालता ठेवल्याने विरतात. व्यायाम करताना कधी 'टक' असा आवाज होऊन हात एकदम मोकळा होतो. आवाज झाला तर घाबरू नका, पण तो मुद्दाम काढायलाही जाऊ नका.

तिसरा, आखडलेला खांदा. दुखतं म्हणून हात पोटाशी धरला, धरला म्हणून खांदा आखडला, आखडला म्हणून आणखी दुखतं. चौथा, ऑपरेशनचा व्रण, जो खाली बरगडीला चिकटून बसलेला असू शकतो. रेडिएशन झाल्यावर छातीची कातडी आणि पुढचा स्नायू आणखी घट्ट होतात, आणि हे घट्ट होणं रेडिएशन संपल्यावरही कित्येक महिने चालू राहतं. केमोची नस-दुखी आणखी वेगळी असते. ती दोन्ही हातांच्या आणि दोन्ही पायांच्या बोटांना होते, मोजे घातल्यासारखी. आईंच्या पायांनाही मुंग्या असतील तर तेही लिहा, कारण त्याची वाट निराळी.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगते, म्हणजे खोटी आशा नको. नस नुसती ताणली गेली असेल तर ती पुन्हा वाढते, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. काखेपासून कोपराच्या जवळपास पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर धरा, म्हणजे पाच ते सात महिने सहज लागतात, आणि वाढताना ती मुंग्या, खाज, झटके देतच येते. पूर्ण कापली गेली असेल तर मधला एक पट्टा बधिरच राहतो. शेजारच्या नसा कडेकडेने थोडा भाग आपल्याकडे घेतात, पट्टा लहान होतो, पण नाहीसा होईलच असं नाही. आग मात्र दोन्ही प्रकारांत कमी करता येते. ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पुढे दुखणं टिकलं तर त्याला जुनाट म्हणतात, आणि स्तनाच्या ऑपरेशननंतर ते निरनिराळ्या पाहण्यांत पाव ते निम्म्या बायकांमध्ये आढळलंय. त्यामुळे 'माझ्याच नशिबी' असं आईंनी मनात आणायचं कारण नाही, आणि 'होईल हळूहळू' म्हणून हातावर हात ठेवून बसायचंही नाही.

आता मशीन. दहा दिवस काय लावलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अल्ट्रासाउंड (तपासणीचं नव्हे, उपचाराचं) किंवा शॉर्टवेव्हचा, म्हणजे विजेच्या लहरींनी खोलवर दिलेला, शेक असेल तर तो तिथे परत लावू देऊ नका. जिथे कॅन्सर होता त्या जागेवर ही दोन मशीनं आम्ही वापरत नाही, आणि नुकत्याच रेडिएशन झालेल्या, बधिर कातडीवर शेक तर अजिबात नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका बाईंच्या खांद्याला मी गरम पिशवी लावली. काखेचा भाग बधिर आहे हे त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं, पण पिशवीची कड तिथवर सरकलीय हे बघितलं नाही. त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा फोड घेऊन आल्या, आणि वर मलाच म्हणाल्या, "असू दे ग, दुखत नाहीये." त्या दिवसापासून बधिर जागेजवळ गरम काहीही नाही. आंघोळीचं पाणीसुद्धा आईंनी आधी उजव्या हाताने बघावं.

टेन्स नावाचं छोटं मशीन असतं, पट्ट्या चिकटवून हलका झिणझिणाट देणारं. त्यामागचा विचार १९६५ सालचा, मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलेला. साध्या स्पर्शाचे निरोप जोरात आत गेले की पाठीच्या कण्याच्या पातळीवरच दुखण्याच्या निरोपांचा दरवाजा अर्धवट मिटतो. ठेच लागल्यावर आपण पाय चोळतो ते हेच. मी टेन्स कधीकधी वापरते, पण कॅन्सरच्या डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्यावर, आणि पट्ट्या बधिर जागेवर किंवा रेडिएशनच्या कातडीवर न लावता, जिथे स्पर्श नीट कळतो अशा शेजारच्या भागावर. पेसमेकर असेल तर नाही. आराम मशीन चालू असेपर्यंत आणि वर थोडा वेळ मिळतो. त्या वेळात व्यायाम उरकून घ्यायचा, एवढाच त्याचा उपयोग. मशीन लावून आडवं पडून राहायचं असेल तर पैसे वाचवा. सुया टोचण्याचे उपचार त्या बाजूच्या हाताला नकोत, कारण गाठी काढलेल्या हाताला जंतुसंसर्ग आणि सूज चटकन येते.

मावशींच्या तेलाबद्दल. तेल वाईट नाही, गरम करणं आणि जोर लावणं वाईट. चिडलेल्या नसेवर जोरात चोळलं की ती आणखी चिडते, आणि हात सुजायचा धोका आहे तो वेगळाच. मावशींना सांगा, तेल कोमट करण्याचीही गरज नाही, आणि हात फिरवायचा तो मी खाली सांगते तसा.

माझ्या अनुभवात ज्याने सर्वांत जास्त फरक पडतो, त्याला एक पैसाही लागत नाही. कातडीला पुन्हा स्पर्शाची सवय लावायची.

माझ्याकडे एक काकू यायच्या, मंडईत पालेभाजी विकायच्या. पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा काखेत मऊ रुमालाची घडी होती आणि पदर घट्ट ओढून कमरेला खोचलेला. रुमाल काढायला सांगितला तर म्हणाल्या, तो चार महिन्यांत आंघोळीशिवाय काढलेला नाही. आंघोळीतही त्या बाजूला नुसतं पाणी ओतायचं, हात लावायचा नाही. म्हणजे चार महिने त्या कातडीला कोणीच शिवलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा. अशा कातडीला बाहीची शिवण लागली तर ती ओरडणारच. आईंना हळूच विचारा, आरशात तिथे बघतात का. उत्तर नाही आलं तर आग्रह धरू नका, पण मला वाटतं उपचार तिथूनच सुरू होतो.

आधी कापसाच्या बोळ्याने नकाशा काढा. चांगल्या जागेकडून वाईट जागेकडे बोळा टेकवत जायचं आणि आईंनी सांगायचं, 'कळतं', 'कमी कळतं', 'जळतं', 'काहीच नाही'. वहीच्या पानावर दंडाचं चित्र काढून या जागा तीन-चार रंगांनी भरा, वर तारीख घाला. महिन्याने पुन्हा काढा. माणसाला रोजचा फरक जाणवत नाही, पण नकाशा आक्रसलेला दिसला की दिसतो.

मग स्पर्श. पुष्कळ जण हळुवार फुंकर घातल्यासारखा हात फिरवून सुरुवात करतात आणि पहिल्याच दिवशी फसतात. चिडलेल्या नसेला ओझरता स्पर्श सर्वांत जास्त झोंबतो. उलट पूर्ण तळवा सपाट टेकवून, स्थिर, थोडा दाब देऊन ठेवला तर सहन होतं. म्हणून पहिला आठवडा फक्त तळवा. आधी तो निरोगी उजव्या दंडावर ठेवायचा, तिथे कसं वाटतं ते डोळे उघडे ठेवून नीट लक्षात घ्यायचं, मग तसाच डाव्या दंडावर, वाईट जागेच्या कडेला. रोज एक बोटभर आत सरकायचं. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. एकदाच वीस मिनिटं केलं तर चालणार नाही का, असं सगळे विचारतात. नाही चालणार, नसेला थोडं थोडं आणि वारंवार लागतं.

दुसऱ्या आठवड्यापासून कापड. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं सुती लुगडं किंवा धोतर सर्वांत उत्तम. ते सोसायला लागलं की जरा जाडसर सुती, मग टर्किशचा टॉवेल, आणि शेवटी साडीचा जरीचा काठ. मध्ये कधीतरी तांदळाची किंवा ज्वारीची पुरचुंडी करून ती दंडावरून लाटण्यासारखी फिरवायची. हाताची बोटं बधिर असती तर धान्याच्या डब्यात हात घालायला सांगितलं असतं, दंडाला पुरचुंडी बरी पडते. व्रणावर दोन बोटं टेकवून कातडी खालच्या मांसावर सरकवायची, वर-खाली, गोल. बोटं कातडीवर घसरली तर उपयोग नाही, कातडी बोटांबरोबर सरकली पाहिजे. रेडिएशनने कातडी अजून लाल, सोललेली असेल तर हे सगळं थांबवून आधी ती बरी होऊ द्या.

खांद्याचं आपण स्वयंपाकघरातल्या भाषेत बोलू. भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं आणि जिथवर पोचलं तिथे पेन्सिलीने खूण. आडवं पडून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरून, उजव्या हाताच्या जोरावर डावा डोक्यामागे न्यायचा. कपडे वाळत घालायची दांडी उंच असेल तर सुरुवातीला रुमाल-पंचे आईंनाच वाळत घालू द्या, चादरी नको. तुम्ही प्रेमाने सगळी कामं हातातून काढून घेत असाल तर खांदा आणखी आखडेल. पाण्याची भरलेली कळशी, गव्हाचा डबा उचलणं मात्र सध्या तुमच्याकडे.

नस मोकळी सरकावी म्हणून एक व्यायाम असतो. बसून डावा हात बाजूला सोसेल तेवढ्याच उंचीवर न्यायचा, तळवा वर. कोपर सरळ करताना मान डाव्या खांद्याकडे झुकवायची, कोपर वाकवताना मान उजवीकडे. एका टोकाला ताण आला की दुसऱ्या टोकाला ढील द्यायची, पतंगाच्या मांज्यासारखी. दोन्ही टोकं एकदम ताणायची नाहीत. आठ-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काखेतली ती बारीक नस यात कितपत सरकते यावर आमच्यातच मतं आहेत. पण हातभर जाणाऱ्या मोठ्या नसांचा आखडलेपणा याने सुटतो आणि बायकांना हात उघडायची भीती कमी होते, म्हणून मी देते.

किती दुखलं तर थांबायचं? व्यायामानंतर दुखणं वाढलं आणि अर्ध्या तासात पूर्वीइतकं झालं तर चालू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर बंद करू नका, निम्मं करा. पूर्ण बंद केलं की परत पहिल्या पायरीवरून सुरुवात होते, आणि हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला त्याचा राग येतो.

थोडक्यात, पहिल्या पंधरवड्यात एवढंच करा: नकाशा, तळवा आणि मग मऊ कापड, भिंतीवरची मुंगी, मान-कोपराचा व्यायाम. बाकी सगळं नंतर. चार आठवड्यांनी नकाशा आणि भिंतीवरची खूण दोन्ही जागच्या जागी असतील तर हा कार्यक्रम आईंना लागू पडत नाहीये असं समजा.

तेव्हा, किंवा आगीने झोपच लागत नसेल तर त्याआधीही, औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. साध्या वेदनाशामक गोळीचा नसेच्या आगीवर फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी गाबापेंटिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं असतात, ती हळूहळू वाढवायची असतात. हे मी लिहून देत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण आईंना रोजची हॉर्मोनची गोळी टॅमॉक्सिफेन असेल तर ती आवर्जून सांगा, कारण ड्युलोक्सेटिन त्या गोळीचं काम कमी करू शकतं. त्या पुढचा टप्पा पेन क्लिनिकचा, म्हणजे दुखण्यावरच्या खास विभागाचा, तिथे नसेजवळ इंजेक्शन देता येतं. औषधाने आग निम्मी झाली की स्पर्शाचा सराव दुपटीने पुढे सरकतो, त्यामुळे 'फिजिओ की गोळ्या' असं भांडण नकोच.

काही गोष्टी मात्र माझ्या उत्तरावर विसंबून थांबायच्या नाहीत. हात एकदम सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. मूठ वळत नाही, वस्तू हातातून पडतात, ताकद कमी होतेय, दुखणं रात्री वाढत चाललंय, किंवा काखेत, मानेत नवीन गाठ लागतेय, तर लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. मी सांगितलेल्या नसेने हाताची ताकद कधीच जात नाही, म्हणून ताकद गेली तर कारण दुसरं आहे. आणि दर पंधरा दिवसांनी शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मोजा, मनगटाशी, कोपराच्या वर दहा आणि खाली दहा सेंटिमीटरवर. आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर सूज सुरू झाली समजून दाखवा. तेव्हा दाब देणाऱ्या घट्ट पट्ट्या-बाहीचा उपचार लागतो, तो लवकर केला तर सोपा.

ऑपरेशन मोठ्या केंद्रात झालं असेल, परळच्या टाटाला वगैरे, तर तिथल्या फिजिओथेरपी विभागात फॉलोअपच्याच दिवशी जाऊन या, वेगळी खेप पडणार नाही. गावातल्या फिजिओकडेच जायचं असेल तर जाताना ऑपरेशनचा कागद न्या. काखेतल्या किती गाठी काढल्या आणि नस वाचवली का कापली, हे बऱ्याचदा त्यात लिहिलेलं असतं. त्यांनी काखेला हात न लावता थेट मशीनची वायर उलगडली तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा.

एक राहिलंच. आईंना जुने ब्लाउज सध्या घालू देऊ नका. शिंप्याला सांगून दोन सुती ब्लाउज शिवून घ्या, मुंढा अर्धा इंच सैल, बाही कोपरापर्यंत, हूक पुढे, आणि काखेतली शिवण बाहेरच्या अंगाला. शिंपी म्हणेल, उलटा दिसतो. दिसू दे, घरात कोण बघतंय.